हेबलथ्वेटांची भावकी

जगात परकं असं कुणी नसतंच, फक्त त्याचं आडनाव आपण नीट विचारलेलं नसतं, असं छातीठोकपणे मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि तो घोडेगावात कांद्याची आडत चालवतो. माझ्या पप्पांचे ते मित्र. सगळं घोडेगाव त्यांना अण्णा म्हणतं, म्हणून मीही अण्णाच म्हणते. अंगाने आडवे, आवाजाने खणखणीत, डोक्याला कायम पांढरी टोपी आणि सदऱ्याच्या खिशात कायम एक कांदा. घोडेगावचा जनावरांचा बाजार सगळ्यांना माहीत आहे. तिथे गाय घेताना लोक दात बघतात, शिंगं बघतात, चाल बघतात. अण्णा माणसाचं एकच बघतात, आडनाव. कांदा हा त्यांचा धंदा आणि आडनाव हा त्यांचा नाद. धंद्याला निदान अमावास्येची सुट्टी असते, नादाला तेवढीही सोय नाही.

आता आडनाव विचारायची खोड आपल्याकडे कुणाला नाही? पण बाकीचे लोक विचारतात ते समोरच्याला कुठल्या फळीवर ठेवायचं हे ठरवायला, आणि एकदा ते ठरलं की त्यांचं तोंड एकतर गोड होतं नाहीतर आंबट. अण्णा विचारतात ते त्याला घरात घ्यायला. आडनावावरून मूळ गाव, गावावरून आजोळ, आजोळावरून कुणाची तरी मावससासू, असं करत करत ते बरोबर स्वतःच्या उंबऱ्यापाशी येऊन थांबतात आणि मांडीवर थाप मारून म्हणतात, "म्हंजी तुमी आमचे पाव्हनेच की वो!" मग चहा. चहा घेतल्याशिवाय पाहुणा सुटत नाही. एकदा नगरच्या रस्त्यावर एका पोलिसाने त्यांना हेल्मेट नाही म्हणून अडवलं. अण्णांनी निवांतपणे गाडी स्टँडला लावली, पोलिसाच्या छातीवरचं नाव वाचलं, आणि त्याचं गाव, त्याची आत्या, आत्याची नणंद अशा पायऱ्या उतरत उतरत शेवटी तो त्यांच्या साडूच्या घरचा निघाला. पोलीस बिचारा वरमला. म्हणाला, "मग जा की मामा, राहू द्या दंड." तर अण्णा भडकले. "का म्हून ऱ्हाऊ द्या? पाव्हन्याच्या नोकरीला बट्टा लावू व्हय? फाड पावती!" पावती फाडून घेतली आणि वर त्याला रविवारी जेवायला बोलावलं. हर्नियाच्या ऑपरेशनच्या वेळी तर कहरच केला. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, आता आकडे म्हणा." आजोबा म्हणाले, "आकडे मागनं. आदी आडनाव सांगा, न्हाईतर मला झोप यायची न्हाई." बाईंनी हसत सांगितलं. "अगं, म्हंजी तू संगमनेरच्या..." एवढ्यात औषध चढलं. शुद्धीवर आल्यावर पाणी मागायच्या आधी त्यांनी ते वाक्य पुरं केलं.

बरं, हे नुसतं कुतूहल म्हणावं तर तसंही नाही. अण्णांच्या मते आडनावाची पेरणी असते. कुठलं आडनाव राहात्याकडं दाट, कुठलं पाथर्डीकडं विरळ, कुठलं एकाच शिवारात अडकून पडलंय आणि कुठलं वाऱ्यावर उडून पार पुण्यापर्यंत गेलंय, हे ते पिकाच्या भाषेत सांगतात. सांगून समोरच्याला पटलं नाही तर करून दाखवतात. आडतीच्या अंगणात चुन्याच्या फक्कीने जिल्ह्याची हद्द ओढायची, प्रवरा-मुळेच्या रेघा मारायच्या आणि त्यात गोल्टी, म्हणजे बारके कांदे, मांडत जायचं. जिथं माणसं जास्त तिथं कांद्यांचा ढीग, जिथं एखादंच घर तिथं एकटा कांदा. खिशातला कांदा असतो तो त्यासाठी. कुणाच्या ओसरीवर अचानक विषय निघाला तर निदान सुरुवात करता यावी.

तर अशा या माणसाच्या आडतीवरचा वजनकाटा बिघडला आणि तो दुरुस्त करायला भिंगारहून माझे पप्पा गेले. पप्पा भिंगारला लष्कराच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते आणि रविवारी आसपासच्या गावांतले काटे दुरुस्त करायचे. सावळा रंग, बारीक मिशी, बोलणं शुद्ध भिंगारचं. काटा उघडून बसलेल्या पप्पांना अण्णांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "मिस्त्री, आडनाव काय तुमचं?"

"हेबलथ्वेट."

पप्पा सांगायचे की समोर लिलावाची बोली चालली होती ती अण्णांनी हात वर करून थांबवली. "पुन्ना सांगा." पप्पांनी पुन्हा सांगितलं. "मूळ गाव?" "भिंगार." "त्याच्या आदी?" "माहीत नाही हो." अण्णा मटकन पोत्यावर बसले. उभ्या जन्मात पहिल्यांदा त्यांना पुढची पायरी सापडत नव्हती. त्या दिवशी पप्पांना त्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही, आणि जेवताना सारखे त्यांच्याकडे असे बघत राहिले की पप्पांना वाटलं, काटा नीट लागला नाही की काय.

अण्णांना सापडली नाही ती पायरी आम्हालाही सापडलेली नव्हती. पप्पांचे पणजोबा की खापरपणजोबा, कुणीतरी गोऱ्या पलटणीबरोबर भिंगारला आले आणि इथल्याच बाईशी लग्न करून राहिले, एवढं ऐकून माहीत. पुढच्या सगळ्यांनी इथल्याच मुली केल्या, त्यामुळे रंग गेला, भाषा गेली, आडनाव तेवढं राहिलं. चुलत-बिलत जे होते ते केव्हाच देश सोडून गेले आणि त्यांचा पत्ता लागला नाही. पप्पा एकुलते, मी एकुलती. मम्मी वसतिगृहात वाढलेली, तिला माहेर असं नव्हतंच, आणि तीही मी कॉलेजात असताना गेली. शाळेत हजेरी घेताना बाई माझ्या नावापाशी आल्या की चष्मा काढून पुसायच्या. मला त्याची गंमत वाटायची, पप्पांना नाही. कुणाच्याही लग्नात ते शेवटच्या पंगतीला बसत. "आपल्याला कुठं कुणाचा मान घ्यायचाय," असं म्हणत, आणि ते इतकं हसत म्हणत की मला मोठी होईपर्यंत त्यातलं दुखणं कळलंच नाही.

अण्णांना मात्र ते पहिल्याच जेवणात कळलं असावं. कारण त्या दिवसापासून हेबलथ्वेट हे प्रकरण त्यांनी अंगावर घेतलं. त्यांची सून, माझ्या वहिनी, नेवाशाला कॉलेजात इंग्रजी शिकवतात. दिवसभर पोरांना शिकवून घरी आलेल्या त्या बाईला सासरे चहाबरोबर मोबाईल हातात देत आणि म्हणत, "बघ गं, आपल्या मिस्त्रींचं काय लागतंय का." आणि लागलं! इंग्लंडमध्ये उत्तरेला यॉर्कशायर म्हणून मुलूख आहे, त्याच्या कडेला डोंगरात हेबलथ्वेट नावाची वस्ती आहे, तिच्यावरून हे आडनाव. 'हेबल' म्हणजे ओढ्यावरचा फळ्यांचा पूल आणि 'थ्वेट' म्हणजे रान तोडून केलेली मोकळी जागा. अण्णा नाचायचेच बाकी राहिले. "म्हंजी फळीपुलाचा मळा! आपल्याकडं असतं तर मळेकर म्हनले असते तुमाला." पुढे वहिनींनी वाचलं की ती वस्ती आधी यॉर्कशायरात होती, आता दुसऱ्या जिल्ह्यात घातली आहे. यावर अण्णा गंभीर झाले. "घ्या! तिथंबी झालं जिल्हा विभाजन. आमच्या नगरचं मातर नुसतं गाजतंय." मेंढरं, लोकरीचा धंदा, दगडांवर दगड रचून केलेले बांध, हे सगळं फोटोत बघून तर त्यांची खात्रीच पटली की यॉर्कशायर म्हणजे आपलं पारनेर, फक्त पाऊस जास्त.

पण खुद्द त्या वस्तीच्या गावात हे आडनाव आता फारसं दिसत नाही, सगळे खाली गिरण्यांच्या गावांकडे पसरलेत, हे वाचल्यावर वहिनींना नवल वाटलं. अण्णांना मुळीच वाटलं नाही. "गावात ऱ्हानारा मानूस गावाचं नाव कशाला लावंल? गाव सोडलं की मग चिकटतंय ते. आडनाव म्हंजी गाव सोडल्याची पावती हाय, पोरी." हे ते सहज बोलून गेले, पण मी त्या दिवशी घरी येईपर्यंत तेच घोळवत होते.

त्याच रविवारी त्यांनी अंगणात इंग्लंड काढलं. आकार जरासा बसक्या घोड्यासारखा झाला, पण झाला. वहिनी मोबाईलवरचा नकाशा बघून सांगत गेल्या आणि अण्णा कांदे मांडत गेले. यॉर्कशायरात ढीग, आजूबाजूला चार-दोन, लंडनकडे एखाद-दुसरा. मग अण्णा उठले, एक कांदा घेऊन सगळं अंगण ओलांडलं, काट्यापलीकडे, टेम्पो उभे राहतात त्याच्याही पलीकडे, पार फाटकापाशी गेले आणि तिथे तो खाली ठेवला. "ह्ये भिंगार," ते तिथून ओरडले. पप्पा त्या कांद्याकडे बघत उभे राहिले. नंतर हळूच म्हणाले, "फार लांब पडलाय हो, अण्णा." अण्णांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांना गप्प बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

गप्प बसले, पण स्वस्थ बसले नाहीत. महिनाभरात वहिनींकडून यॉर्कशायरातले एक म्हातारे हेबलथ्वेट शोधून काढले आणि त्यांना व्हिडिओ कॉल लावला. बिचारे निवृत्त बस ड्रायव्हर होते, स्वभावाने गरीब. अण्णांनी पाऊस-पाणी विचारलं. पलीकडून उत्तर आलं की पाऊस थांबतच नाही, त्यावर अण्णा हळहळले, की कुणाचं काय तर कुणाचं काय. मुलं काय करतात, गुडघे दुखतात का, सगळं झालं. कुलदैवत कुठलं, हे भाषांतर करायला वहिनींनी साफ नकार दिला. त्यांच्यापैकी कुणी हिंदुस्थानात आलं होतं का, हे मात्र त्या म्हाताऱ्यांना ठाऊक नव्हतं. फोन ठेवल्यावर पप्पा थोडे उतरले. अण्णा म्हणाले, "त्याचं काय चुकलं? मला तरी माजा खापरपंजा कुटं म्हाईत हाय? आवाजावरनं मानूस सरळ हाय. तुमचा चुलता लागतोय." आणि त्या दिवसापासून अण्णांच्या बोलण्यात ते 'यॉर्कशायरचे चुलते' झाले.

मग माझं लग्न ठरलं. मुलगा राहात्याचा, मी शिकवत होते त्याच शाळेत शिक्षक, आमच्यासारखाच चर्चला जाणारा, पण भावकी अशी की दोन बस भरून उरावी. व्याही म्हणून त्याचे चुलते बोलणी करायला घरी आले. बेरकी डोळ्यांचे, गोड बोलणारे गृहस्थ. आमच्याकडे धर्म कुठलाही असो, लग्नात मुलाकडचे मुलीच्या भावकीला मानाचे फेटे बांधतात. निघता निघता त्यांनी सरळ मनाने विचारलं, "साहेब, तुमच्या बाजूचे फेटे किती सांगायचे?"

"कळवतो," पप्पा म्हणाले.

मंडळी गेल्यावर ते कपबश्या गोळा करायला लागले. नंतर म्हणाले, "सुझी, रजिस्टर लग्न केलं तर? हल्ली चांगलं समजतात." पप्पांनी माझ्या लग्नासाठी वर्षानुवर्षं काय काय ठरवून ठेवलं होतं ते मला पाठ होतं. त्यांना भीती होती ती त्यांच्या बाजूच्या रिकाम्या खुर्च्यांची. व्याह्यांच्या दोन बस समोर आणि आपण एकटे, लेकीच्या लग्नात तरी हे नको, एवढंच त्यांचं म्हणणं होतं आणि ते त्यांना म्हणता येत नव्हतं. मी सकाळी उठून पहिली एसटी धरली आणि घोडेगावला गेले. लिलाव ऐन रंगात होता. मी अण्णांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं आणि सांगता सांगता रडले. अण्णांनी डोळे बारीक करून ऐकून घेतलं आणि बाजारभाव विचारावा तसं विचारलं, "किती पायजेत?"

"काय?"

"चुलते."

लग्नाच्या दिवशी भिंगारच्या चर्चच्या मैदानात टेम्पोंची रांग लागली. टेम्पो शफीकभाईंचे. अण्णांचा कांदा गेली कित्येक वर्षं तेच वाहतात. पुढे केबिनमध्ये अण्णा आणि शफीकभाई, मागे आडतीवरचे हमाल, व्यापारी, चहावाला, त्यांच्या बायका, काठापदराची लुगडी आणि इस्त्रीचे सदरे. निघायच्या आधी आडतीवर अण्णांनी सगळ्यांकडून आमचं आडनाव घोकून घेतलं होतं, आणि एक जालीम सूचना दिली होती, "जास्त बोलायचं न्हाई. कुनी इचारलं तर आडनाव सांगायचं आन् लगेच पानी मागायचं." त्या दिवशी मैदानात पाणी इतकं गेलं की दुपारी टँकर सांगावा लागला. पप्पा दारात उभे राहून बघत होते. आपल्या बाजूच्या खुर्च्या भरताहेत, मागून आणखी खुर्च्या आणाव्या लागताहेत, हे त्यांना खरंच वाटत नव्हतं. पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीवर अण्णांनी नुसताच फेटा ठेवला होता. व्याही तिथे थबकले. "हे कुणाचं?" "साहेबांच्या थोरल्या चुलत्यांचं, यॉर्कशायरच्या," अण्णा म्हणाले. "पावसामुळं निघता आलं न्हाई."

व्याह्यांनी मान डोलावली, पण डोळे तसेच बेरकी. शफीकभाईंच्या पांढऱ्या दाढीकडे बघत त्यांनी विचारलं, "आपण?" "मुलीचा चुलता, थोरल्या घरचा," शफीकभाई म्हणाले आणि पाणी मागितलं. व्याही नुसतं "हं" म्हणाले. मला वाटलं, आता सगळं फिसकटणार, आणि पप्पांची आजच सगळ्यांसमोर शोभा होणार.

आणि फिसकटलंच, पण भलतीकडून. थोरल्या घरचा म्हणून पहिला फेटा शफीकभाईंना बांधला, तसा दगडू हमाल ताडकन उठला. "थोरला कोन? मी ह्याच्या आदी आडतीवर... म्हंजी, ह्याच्या आदी ह्या घरात हाय. मान माजा हाय!" शफीकभाई म्हणाले, "वय बघ की गड्या." दगडूने टोपी काढून खांद्यावर टाकली आणि मैदानाबाहेर जाऊन लिंबाखाली बसला. "मान द्यायचाच न्हवता तर कशाला आनलं आमाला!" मागोमाग त्याची बायको गेली, तिच्यामागे तिची बहीण. फेटे थांबले, बँड थांबला. मी अण्णांकडे पाहिलं तर त्यांनाही घाम फुटलेला. हे ठरवलेलं नव्हतं. पप्पा मात्र केव्हाच निघाले होते. आयुष्यात त्यांच्यावर रुसावं इतकं जवळचं कुणी त्यांना कधी लाभलंच नव्हतं. नवा कोट घातलेले माझे पप्पा लिंबाखाली धुळीत उकिडवे बसले आणि हात जोडून म्हणाले, "दगडूभाऊ, चुकलं माझं. चला. तुमच्याशिवाय माझ्या लेकीचं लग्न लागायचं नाही." दगडू तोंड फिरवून बसलेला. पप्पांनी त्याचा हात धरला आणि रडायला लागले, आणि ते बघून दगडूही रडायला लागला.

व्याही माझ्या शेजारी उभे राहून सगळं बघत होते. अण्णांकडे वळून म्हणाले, "खरं सांगू? आत्तापर्यंत मला जरा शंका होती. पण रुसवा बघितला आणि खात्री पटली. भावकी अस्सल आहे." एवढं बोलून त्यांनी स्वतःच्या हाताने एक फेटा उचलला, लिंबाखाली गेले आणि दगडूला बांधला. मला वाटतं, त्यांना पहिल्यापासून सगळं कळलं होतं. अण्णा नंतर कित्येक दिवस शपथा घालत होते, "मी मानसं आनली. रुसवा त्येंचा त्येंनी आनला."

पप्पा गेले त्याला आता वर्ष झालं. त्यांना पोचवायला भिंगारच्या कब्रस्तानात तीच सगळी माणसं होती. शफीकभाई एका बाजूला, दगडू दुसऱ्या बाजूला, आणि त्या दिवशी थोरला कोण हे कुणी विचारलं नाही. अण्णांचे माझ्यावर किती उपकार आहेत ते मला मोजता यायचं नाही. लेकीच्या लग्नानंतर पप्पा जितकी वर्षं जगले तितकी वर्षं ते लग्नांमध्ये पहिल्या पंगतीला बसले, घोडेगावच्या प्रत्येक लग्नाला, फेटा बांधून. एवढं जरी धरलं तरी पुरे.

परवा मी माझ्या मुलीला घेऊन घोडेगावला गेले. अण्णांचे गुडघे आता गेलेत, खुर्चीत बसूनच लिलाव ऐकतात. पोरीला बघून म्हणाले, "चल, तुला तुज्या आज्याचा मुलूख दाखवतो." ते काठीने दाखवत गेले आणि मी फक्कीने इंग्लंड काढलं. यॉर्कशायरचा ढीग लावला. शेवटचा कांदा हातात घेऊन फाटकापर्यंत गेले आणि तिथेच उभी राहिले. पप्पा नाहीत. मी लग्नानंतर सासरचं नाव लावते. जिल्ह्यात आता या आडनावाचं कुणी उरलं नव्हतं.

"अण्णा, हा आता कुणाचा ठेवू?" मी विचारलं. "लावणारं कोण आहे?"

अण्णा खुर्चीतून जवळजवळ उठलेच. "कोन हाय म्हंजी? फेटं काय उगं बांदलं व्हतं व्हय? दगडू, ती आख्खी पाटी ने तिकडं!"

दगडूने भरलेली पाटी माझ्या पायाशी आणून ठेवली. मी खाली बसले आणि फाटकापाशी कांदे मांडायला लागले. अण्णा अंगणाच्या त्या टोकावरून काठी हलवत ओरडत होते, "जवळ जवळ ठेव गं पोरी. लांब लांब नको."